अवघड खेळायची सोय काढून घेतली, त्याचं काय?

एमराल्डवाला:
"पोकेमॉन १९९६ पासून लहान मुलांसाठीच आहे. गेम सोपा झालेला नाही, तुम्ही मोठे झालात. अवघड हवं असेल तर स्वतःवर बंधनं घाला." निळाई यांनी हे लिहिलं आणि त्यावर वाहवाही झाली. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांसाठी सोपं करायला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती सेटिंग्ज काढून घेण्याला. एक्स-वाय या गेममध्ये (२०१३) एक्सपी शेअर (लढाईतून मिळणारे अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी, न लढलेल्यांनाही वाटणारी सोय) अख्ख्या टीमला लागू झाला, पण तो बंद करता यायचा. सन-मूनपर्यंत ही सोय टिकली. स्वोर्ड-शील्डमध्ये (२०१९) तो कायमचा चालू, बंद करायचा पर्यायच नाही. सेट मोड (समोरचा पोकेमॉन पडल्यावर आपला फुकटात बदलू न देणारा) पहिल्या गेमपासून होता, स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये (२०२२) तोही गेला. लढाईतली अ‍ॅनिमेशन बंद करायचा पर्यायही त्याच गेममध्ये गेला. यातल्या कुठल्या पर्यायाचा आठ वर्षांच्या मुलाला त्रास होत होता? त्याने तो मेनू उघडलाही नसता.

आता हिशोब बघा. लढणाऱ्याला पूर्ण एक्सपी, बाकीच्या पाच जणांना प्रत्येकी निम्मा. म्हणजे एका विजयामागे टीमला साडेतीन पट. वर पकडल्याचा एक्सपी वेगळा. वाटेतल्या ट्रेनर्सशी नुसतं लढत गेलात तरी जिमपर्यंत (जिथे लीडरला हरवून बॅज मिळतो तो टप्पा) पोचताना तुमची लेव्हल लीडरच्या वर असते, आणि चढलेली लेव्हल खाली आणायचा मार्ग गेममध्ये नाही.

निळाई:
माझं वाक्य अर्धंच उचललंत. साडेतीन पट म्हणताना तुम्ही लेव्हलचा फरक विसरताय. सन-मूनपासून एक्सपी दोघांच्या लेव्हलवर ठरतो. तुम्ही पुढे गेलात की तो कमी होतो. ब्लॅक-व्हाइटमध्ये हेच होतं, एक्स-वायमध्ये काढलं, म्हणून एक्स-वाय एवढा ढिला पडला. सगळं खापर एक्सपी शेअरवर फोडू नका.

आणि जुने गेम अवघड होते हा गैरसमज आहे. सुरुवातीच्या रेड-ब्लूमध्ये लान्स या ट्रेनरच्या ड्रॅगनाइटसमोर विषारी प्रकारचा पोकेमॉन ठेवा. तो अ‍ॅजिलिटी आणि बॅरिअरच करत बसतो. कारण त्या दोन्ही सायकिक प्रकारच्या मूव्ह (चाली), आणि सायकिक विषारीवर भारी, एवढंच त्या एआयला कळतं. ती मूव्ह इजा करत नाही हे कळतच नाही. भुताच्या मूव्ह सायकिकवर चालायला हव्या होत्या, तर चुकून शून्य परिणाम लिहिला गेला. सायकिक घेतला की गेम संपला. याला तुम्ही प्रौढांचा गेम म्हणता?

एमराल्डवाला:
ते सूत्र मला माहीत आहे, आणि तो ब्रेक लागतच नाही. समोरच्याची लेव्हल दुप्पट करून त्यात दहा मिळवा, त्याला दोघांच्या लेव्हलच्या बेरजेत दहा मिळवून भागा, येईल त्याचा अडीचावा घात. तुम्ही ४० ला, समोरचा ३० ला, तर ७० भागिले ८०, म्हणजे जवळपास ७२ टक्के एक्सपी मिळतोच. वीस लेव्हल पुढे, म्हणजे ५० ला असाल तरी ५३ टक्के. साडेतीन पटीला हा ब्रेक पुरतो?

रेड-ब्लू मी मध्ये आणलेच नव्हते. एमराल्ड या गेमच्या बॅटल फ्रंटियर या खास लढायांच्या भागात सात ठिकाणं होती, प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे. फॅक्टरीत पोकेमॉन भाड्याचे, पॅलेसमध्ये मूव्ह तो स्वतः निवडणार. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये साधा बॅटल टॉवरसुद्धा नाही. मुलांसाठीच असलेल्या त्याच मालिकेत २००४ साली हे होतं.

सेटमोड:
एमराल्डवाल्यांशी सहमत, पण एक्सपी शेअर हा दुय्यम मुद्दा आहे. स्कार्लेट-व्हायोलेटचा खरा घोळ म्हणजे मोकळं जग देऊन लेव्हल मात्र बांधून ठेवल्या. केटी या लीडरचा सगळ्यात तगडा पोकेमॉन लेव्हल १५ चा, ग्रुशा या लीडरचा ४८ चा. कुठूनही जा म्हणतात. चुकून आधी वर गेलात की उरलेल्या जिम फुकट. किती बॅज झाले ते मोजून लीडरला दुसरी टीम द्यायची, एवढंच करायचं होतं. त्यात लीडर टेरा (लढाईत पोकेमॉनचा प्रकार बदलणं) करणार ते शेवटच्या पोकेमॉनवरच, आणि आपल्याच जिमच्या प्रकारात. पहिल्या लढाईनंतर अंदाज चुकतच नाही.

तोवर उपाय हाच: पुढच्या लीडरची सर्वात वरची लेव्हल ही आपली मर्यादा धरा, बारा पोकेमॉन आलटून पालटून वापरा, लढाईत औषध नाही, आणि "बदलायचा का?" विचारलं की दर वेळी नाही म्हणा. बॉक्स (जादा पोकेमॉन ठेवायची जागा) कुठूनही उघडतो, त्यामुळे बारा जण सांभाळणं जड जात नाही.

निळाई:
म्हणजे स्वतःवर बंधनं घाला, हेच. मी वेगळं काय म्हटलं होतं?

सेटमोड:
मी तात्पुरता इलाज सांगितला, तुम्ही त्याला समर्थन बनवताय. ब्लॅक २ मध्ये (२०१२) चॅलेंज मोड होता. लीडरकडे जादा पोकेमॉन, लेव्हल चढ्या. त्याची किल्ली गेम पूर्ण केल्यावरच मिळायची हा मूर्खपणा होता. पण मोड तयार होता. तो सुधारायचा सोडून गाडून टाकला.

रानवाट:
तुम्ही सगळे कथेच्या लेव्हलवर भांडताय. खरा पोरकटपणा बॉटल कॅप आणि मिंटने आणला. पूर्वी ३१ चे आयव्ही (वेग, अटॅक वगैरे प्रत्येक गुणाचा ० ते ३१ मधला जन्मजात आकडा) अंड्यांतून काढावे लागत, नेचर (एक गुण वाढवणारा, दुसरा घटवणारा स्वभाव) जुळवावा लागे. आता आयव्हीसाठी बॉटल कॅप द्या, नेचरसाठी मिंटची पानं खायला घाला, झालं. कष्टाला किंमतच राहिली नाही.

अंडीउबवी:
असहमत, आणि हे चिडूनच लिहिते आहे. अंडी उबवायला सायकलवर गोल गोल फिरणं यात कसलं कौशल्य? एमराल्डच्या काळात आईबापांकडून तीनच आयव्ही यायचे, उरलेले नशिबावर. ते अवघड नव्हतं, फक्त लांबलचक होतं. अवघड आणि कंटाळवाणं यातला फरक तरी ओळखा.

रानवाट:
कंटाळवाणं तुम्हाला. ज्याला आयव्ही म्हणजे काय हेच कळलेलं नाही, तोही आज स्पर्धेत उतरतो.

अंडीउबवी:
उतरू दे की! तिथे टीम कशी बांधली आणि समोरचा काय करेल हे कसं ओळखलं, यावर जिंकायचं असतं. अंडी मोजायची असतील तर ती वेगळी स्पर्धा भरवा. २०२३ ला योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत बदललेले पोकेमॉन सापडल्यामुळे नावाजलेले खेळाडू बाद झाले. टीम जमवायला एवढा वेळ लागतो म्हणूनच लोक बाहेरच्या प्रोग्रॅमने पोकेमॉन बनवतात. कॅप आणि मिंट हा त्यावरचा सरळ मार्ग आहे.

रानवाट:
कॅप आणि मिंट असूनही बदललेलेच सापडले ना? मग सोपं करून काय साधलं?

अंडीउबवी:
कारण कॅप सगळं करत नाही. तुम्ही ज्याला पोरकट म्हणताय तिथेही डोकं लागतं. ट्रिक रूमच्या (ज्यात हळू असणारा आधी चाल करतो) टीमला वेग शून्य हवा. कॅप फक्त ३१ पर्यंत चढवते, खाली आणत नाही. त्यासाठी वेग ० असलेला पोकेमॉन पकडायचा, अंड्यासाठी जोडी लावताना त्याला पॉवर अँकलेट (वेगाचा आयव्ही पिल्लाकडे नेणारी वस्तू) घालायचं, जोडीतल्या दुसऱ्याला डेस्टिनी नॉट (जास्त आयव्ही पिल्लाकडे नेणारी वस्तू). वेगाचा शून्य हमखास उतरतो. बाकीचे आयव्ही मग चांदीच्या कॅपने एकेक भरायचे. सोन्याची कॅप चुकूनही द्यायची नाही, ती वेगासकट सगळं ३१ करते आणि ते परत फिरत नाही. स्पेशल हल्ला करणाऱ्याचा साधा अटॅकही शून्यच ठेवायचा, फाउल प्ले (समोरच्याचाच अटॅक वापरून मारणारी मूव्ह) कमी लागतो. नेचर मिंटवर सोडायचा, म्हणून एव्हरस्टोन (नेचर पिल्लाकडे नेणारा दगड) लागत नाही.

ईव्हीचंही (सरावाने मिळणाऱ्या गुणांचंही) तेच. गोळ्या प्रत्येकी १० देतात, एका गुणाच्या कमाल २५२ साठी २६ लागतात, गेममधल्या १०,००० ला एक, म्हणजे २,६०,०००. पैसे नसतील तर ईव्ही वाढवणारा पॉवर आयटम घालून १ ईव्ही देणारे २८ पाडा, तेवढेच होतात. पूर्वी गोळ्या १०० वर थांबायच्या.

रानवाट:
शून्य वेगाचं मान्य. तेवढ्यापुरतं. पण हे गेम कुठे शिकवतो? सन-मूनपासून मूव्ह निवडताना ती भारी पडेल की नाही हे पडद्यावर लिहून देतात, आणि ज्याने खरा फरक पडतो त्याबद्दल अवाक्षर नाही.

एमराल्डवाला:
या मुद्द्यावर मात्र मी रानवाट यांच्या बाजूने.

निळाई:
ती खूण मुलांना हवीच. प्रकार अठरा आहेत, सगळा तक्ता पाठ करून कोणी सुरुवात करत नाही. पण बंद करायचा पर्याय हवा, हे मान्य करते. सेट मोडही परत यावा. एक्सपी शेअरबद्दल माझं मत बदललेलं नाही.

सेटमोड:
बदलू नका, पण एक करून बघा. स्कार्लेट नव्याने सुरू करा, वाटेतल्या प्रत्येक ट्रेनरशी लढा, सहाच पोकेमॉन ठेवा, लेव्हल चढवणारी कॅंडी एकही नाही. प्रत्येक जिमच्या दारात टीमची लेव्हल लिहून ठेवा आणि लीडरच्या लेव्हलशेजारी मांडून इथे टाका. मग ब्रेक लागतो का ते बोलू.