मदत हवी आहे: पाच वर्षांचा आराखडा मागितलाय, पण गाव दसऱ्यानंतर रिकामं होतं

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमची छोटी संस्था आहे. पगारी माणसं सात, गावं बारा. आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीने कळवलंय, आधी पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन द्या, मग पुढचं बोलू. हातात महिना आहे.

नमुना मिळाला: व्हिजन, मिशन, स्वॉट (बळ, उणिवा, संधी, धोके), लॉगफ्रेम (कामं, उद्दिष्टं आणि मोजमापाचा तक्ता). दोन दिवस भिंतीवर कागद चिकटवत बसलो. मिशन झकास उतरलं. आमची सर्वात जुनी कार्यकर्ती ते वाचून म्हणाली, "यात आपल्या जागी कुठलंबी गाव घाला, बसंल." तिथेच गाडं अडलं.

खरी अडचण वेगळीच आहे. मंजुरी जूनमध्ये मिळते, पैसे हातात पडायला सप्टेंबर उजाडतो. दसरा झाला की मुकादमाच्या (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) गाड्या लागतात आणि कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहातली पोरं. जोड्या परततात पाडव्याच्या आगेमागे, तोवर आमचा ३१ मार्चचा हिशेब बंद. मग बचतगटाच्या बैठका नोव्हेंबरात कुणाच्या घ्यायच्या? गेल्या साली म्हाताऱ्यांच्या सह्या घेऊन प्रशिक्षण उरकलं. लिहायलाही लाज वाटते.

दुसरं म्हणजे, निधी मिळेल ते करत गेलो. शिवणकेंद्र, शौचालयं, झाडं, कोविडमध्ये किट. सुरुवात केली होती ती पाणलोटासाठी, गावातच काम मिळून लोकांची उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) सुटावी म्हणून. आता यातलं काय सोडायचं? शिवणकेंद्र सोडलं तर दोन पगार जातात. असं सोडण्याचं आराखड्यात कुणी कसं लिहिलंय?

प्रतिसाद १
लॉगफ्रेम बाजूला ठेवा. आधी बारा महिन्यांचा तक्ता काढा, कोण कधी गावात असतं. १ मेच्या ग्रामसभेला तुमची माणसं असतात, २६ जानेवारीच्या नसतात. एप्रिल ते जून पाणलोट आणि गटबांधणी, हंगामात फक्त मुलं आणि म्हातारे. हाच तुमचा आराखडा, आणि तो दुसऱ्या गावाला बसणार नाही. कंपनीला पहिला हप्ता एप्रिलमध्ये मागा, कारण म्हणून हाच तक्ता जोडा.

प्रतिसाद २
सीएसआरच्या (कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या) नियमांत चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा धरतात. त्यामुळे पाच वर्षांची दिशा लिहा, पण आकडे तेवढ्याच काळाचे द्या. आणि '५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च बसत नाही' असं सांगून कुणी पगार कापत असेल तर ऐकू नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या गावातल्या कार्यकर्त्याला नाही. आम्ही हे कळायच्या आधी दोन वर्षं निम्म्या पगारावर काम केलं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तक्ता काल रात्रीच काढला. कंपनीचा जो अधिकारी आमच्याकडे येतो, तो दर वर्षी डिसेंबरातच येतो, हे त्यात पहिल्यांदा दिसलं. यंदा मे महिन्यात या म्हणून पत्र टाकतोय.

शिवणकेंद्राचं मात्र अजून सुटलेलं नाही. त्या दोन पगारांतला एक आमच्या त्याच सर्वात जुन्या कार्यकर्तीचा आहे. कुणी अशा वेळी आधी माणसाची दुसरीकडे सोय करून मग काम बंद केलं असेल, तर किती महिने लागले ते सांगा.