पेस्टच्या आधी पॅनल

गेम खेळताना तयार पीसीचा सीपीयू ९५ अंशांना टेकतोय म्हणजे सीपीयू आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळली, हा अनेकजण काढतात तो निष्कर्ष घाईचा वाटतो. आधी बाजूचं पॅनल काढा, तोच गेम २० मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडे बघा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर दोष केसचा, म्हणजे पीसीच्या डब्याचा. अशा केसला पुढे सलग काच, कडेला नावापुरत्या फटी. पंखे बिचारे ओढणार काय? त्यांची दिशाही तपासा. मोटरला धरणाऱ्या दांड्या ज्या बाजूला दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. पुढचे पंखे आत, मागचे आणि वरचे बाहेर.

फरक पडलाच नाही तर कूलरकडे वळा. लिक्विड कूलरचा पंप कित्येकदा साध्या फॅन हेडरला (बोर्डवरच्या पंख्याच्या जोडणीला) जोडून सायलेंट कर्व्हवर, म्हणजे आवाजासाठी वेग कमी ठेवणाऱ्या सेटिंगवर सोडलेला असतो. बायॉसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) तो हेडर १०० टक्क्यांवर ठेवा. कूलर उतरवलाच तर तळाची प्लास्टिक फिल्म तशीच राहिली नाही ना, बघून घ्या (होतं असं!). एएम४ सॉकेट (एएमडीच्या रायझन प्रोसेसरची जुनी बैठक) असेल तर पीसी आधी थोडा तापवा, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

इंटेलचा 'के' प्रोसेसर (नावाच्या शेवटी के, वेग वाढवता येणारा) असेल तर पॉवर लिमिट, म्हणजे त्याने किती वीज ओढायची ती मर्यादाही बघा. जुन्या बायॉसवर बरेच बोर्ड ती ४०९६ वॉट, म्हणजे जवळपास मोकाटच ठेवत. १४७००केला २५३ वॉट पुरे.