आधी कुठे अडलंय ते बघा

दादा, दहावीनंतर अकरावी सायन्स की पॉलिटेक्निक हे तुमच्या भाच्याला ठरवता येत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि वरच्या उत्तरांत बहुतेकांनी कलचाचणी सुचवली आहे. चाचणी जरूर करा, पण आधी त्याचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते बघा. इस्रायली मानसशास्त्रज्ञ इतामार गाती आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली करिअर ठरवताना येणाऱ्या अडचणींचे तीन मुख्य गट मांडले: मनाची तयारी नसणं, माहिती अपुरी असणं आणि माहितीत विसंगती असणं. घरच्यांशी न पटणं या तिसऱ्या गटात येतं, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तेच दिसतंय. भावोजींना कॉलेज हवंय, पोराला मशीनवर काम करायचंय. चाचणीचा अहवाल भावोजींशी बोलणार नाही, तुम्हालाच बोलावं लागेल. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे त्यांना नक्की सांगा; बऱ्याच पालकांना डिप्लोमा म्हणजे डिग्रीचं दार बंद असंच वाटतं. मग दोघांनाही एखाद्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा. लेथवर उभ्या असलेल्या मुलांना भाच्यालाच विचारू दे: गणित कुठे जड जातं, ड्रॉइंगच्या शीटपायी किती जागावं लागतं. तुम्ही मध्ये बोलू नका.