रस्त्याच्या कामाचं बिल 'वैयक्तिक माहिती' कसं?

वाईकर:
आमच्या गावच्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला अदा केलेली देयकं मी माहिती अधिकारात मागितली. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत पत्र आलं: 'त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती, कलम 8(1)(ञ) अन्वये देता येत नाही.' पैसा जनतेचा, रस्ता जनतेचा, मग बिल खासगी कसं? पूर्वी या कलमात अट होती: सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तरच नकार, आणि जनहित मोठं असेल तर माहिती द्यायचीच. शिवाय जे विधिमंडळाला नाकारता येत नाही, ते नागरिकालाही नाकारायचं नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने हे सगळं उडवलं. आता 'वैयक्तिक' एवढा एक शब्द लिहिला की फाइल बंद.

टेबलाच्या पलीकडून:
मी जनमाहिती अधिकारी आहे. कलम 8(2) अजून शाबूत आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आमची बाजूही बघा. 'दहा वर्षांतल्या सर्व कामांच्या नस्त्या (फायली) द्या' असे अर्ज येतात, मग तोच अर्जदार ठेकेदाराला भेटतो आणि अर्ज मागे घेतो. अवाजवी मागण्यांमुळे यंत्रणा ठप्प होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये म्हटलंय. मूळ काम सांभाळून आम्ही हे करतो.

वाईकर:
खंडणीखोर आहेत, नाकारत नाही. पण लपलेल्या कागदालाच भाव येतो. कलम 4 नुसार हे कागद स्वतःहून संकेतस्थळावर टाका, त्यांचा धंदा बसेल. ते 2005 पासून का झालं नाही? आणि 8(2) मध्ये जनहित ठरवणार कोण, तर ज्यांचा कागद आहे तेच! दंड दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000. तोही माहिती आयोगाने लावला तर. दुसऱ्या अपिलाची तारीख लागेपर्यंत रस्ता उखडलेला असतो.

टेबलाच्या पलीकडून:
कलम 4 बद्दल मान्य. पण चुकून कुणाचा खाते क्रमांक बाहेर गेला तर चौकशी माझी लागते, साहेबांची नाही.

नागपूरकर:
त्यासाठीच कलम 10 आहे. खाते क्रमांक, पॅन खोडा, उरलेला कागद द्या. वाईकर, पहिल्या अपिलात हेच मागा आणि 19(5) लिहा: नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची. तोवर सोमवारी 3 ते 5 मध्ये जाऊन नस्ती बघायला मागा. 2018 चा शासन निर्णय आहे, प्रत सोबत न्या.