कृष्णवर्णीयांनी उभे केलेले केशप्रसाधनांचे ब्रँड मोठ्या कंपन्यांना विकावेत का?

रानवारा:
अमेरिकेतले हे ब्रँड एकेक करून बड्या कंपन्यांच्या घशात गेले. सॉफ्ट शीन 1998 मध्ये लॉरिआलने घेतला, शिया मॉइश्चर 2017 मध्ये युनिलिव्हरने, मिएल 2023 मध्ये पी अँड जीने. माझ्या मते हे समाजाचं सरळ नुकसान आहे. कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर आधी लोकांचे कपडे धुऊन पोट भरायच्या. पुढे त्यांनी केसांची मलमं घरोघर विकणाऱ्या हजारो बायकांना स्वतःची कमाई मिळवून दिली. 1917 मध्ये फिलाडेल्फियात या बायकांचं अधिवेशन भरलं. जास्त माल खपवणारीला बक्षीस होतंच, पण समाजकार्याला जास्त देणगी देणारीलाही होतं. झुंडबळींचा निषेध करणारी तार राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना त्याच अधिवेशनातून गेली. युनिलिव्हरच्या सभेतून अशी तार जाईल?

उंबरठा:
असहमत. बाकी कुणी धंदा विकून पैसा केला तर आपण कौतुक करतो, कृष्णवर्णीय मालकाने मात्र जन्मभर समाजासाठी गल्ला सांभाळायचा? शिकागोच्या जॉर्ज जॉन्सननी 1954 मध्ये धंद्यासाठी कर्ज मागितलं, ते नाकारलं गेलं. मग सुट्टीवर जायचंय असं सांगून 250 डॉलर मिळवले आणि त्यावर केशप्रसाधनांची कंपनी उभी केली. भांडवलाची ही अवस्था. शिया मॉइश्चरच्या विक्रीतून वर्णाने अल्पसंख्य असलेल्या उद्योजक स्त्रियांसाठी 10 कोटी डॉलरचा निधी उभा राहिला, तो का विसरता?

रानवारा:
निधी चांगलाच आहे, नाकारत नाही. पण जॉन्सनचंच उदाहरण पुढे न्या. 'सोल ट्रेन' हा कृष्णवर्णीयांच्या नाचगाण्याचा टीव्ही कार्यक्रम देशभर दिसायला लागला तो त्यांच्या जाहिरातींच्या पैशावर. 1975 मध्ये सरकारने त्यांच्या केस सरळ करणाऱ्या क्रीमवर धोक्याची सूचना छापायला लावली. रेव्हलॉन या बड्या कंपनीचं क्रीमही तसंच होतं, पण त्यांच्यावर ती सक्ती बऱ्याच उशिरा आली. तोवर गिऱ्हाईक तिकडे वळलं होतं. अशा बाजारात झालेल्या विक्रीला मालकाची खुशी म्हणायचं?

सई_प:
दोघंही मालकावरच अडलात. वापरणारीचं काय? हे केस सरळ करणारे रिलॅक्सर वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं, असा अमेरिकी सरकारी संस्थेचा अभ्यास 2022 मध्ये आला. ती सूचना छापायलाच हवी होती, दोघांच्याही डब्यांवर, एकाच दिवशी.

उंबरठा:
सई, हे पटलं. विक्रीबद्दल मात्र माझं मत तेच आहे.