‘अर्धवाहक खटका’ हा शब्द थायरिस्टरला चालेल का?

‘सेमीकंडक्टर स्विच’साठी आपण सुचवलेला ‘अर्धवाहक खटका’ हा शब्द घडणीने चोख आहे. तरीही तो थायरिस्टरला, म्हणजे वीज अडवणाऱ्या-सोडणाऱ्या एका अर्धवाहक घटकाला, लावू नये, असे माझे मत आहे. खटका हा आवाजावरून आलेला शब्द आहे. भिंतीवरचे बटण दाबले की आत धातूची पट्टी पट्टीवर आपटते, तोच तो ‘खट्’. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधला तीन पायांचा ट्रायक (थायरिस्टरचाच दोन्ही दिशांनी वाहणारा प्रकार) मात्र सेकंदाला शंभर वेळा वीज अडवतो आणि सोडतो, पण त्यात काहीच हलत नाही.

‘थायरिस्टर’ या मूळ नावात खटका नाही, दार आहे. ग्रीकमध्ये ‘थायरा’ म्हणजे दार; संस्कृत ‘द्वार’ आणि आपले ‘दार’ हे त्याचेच सगोत्र शब्द. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ साली तयार झालेल्या या घटकाच्या तिसऱ्या अग्रालाही ‘गेट’च म्हणतात, आणि त्याचे वागणे खरोखरच दारासारखे आहे: गेटला काही मिलिअँपिअरचा प्रवाह क्षणभर दिला की दार उघडते, आणि मग आतून जाणाऱ्या गर्दीच्या रेट्यानेच ते उघडे राहते. गेटचा प्रवाह काढून घेतला तरी ते मिटत नाही. मुख्य प्रवाह एका किमान पातळीखाली उतरला, तरच मिटते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो, म्हणून ते आपोआप घडते.

‘झडप’ हा शब्दही विचारात घ्यावा. चंद्रपूर–पडघे या ५०० किलोव्होल्टच्या एकदिश (डीसी) वीजवाहिनीच्या दोन्ही टोकांना थायरिस्टरांच्या ज्या उंच रचना आहेत, त्यांना अभियंते ‘व्हॉल्व्ह’च म्हणतात. एकाच दिशेने जाऊ देणारी, ती झडप. हृदयातली असो वा पंपातली, हा अर्थ मराठीत पक्का रुजलेला आहे. ट्रायक दोन्ही दिशांनी वाहतो, त्यामुळे त्याला मात्र हा शब्द लागू पडत नाही.

दाराच्या उपमेत एक धोका आहे, तो लेखकांनी जपावा. दार उघडले की वाट मोकळी होते. परिपथ (सर्किट) उघडा पडला की मात्र वीज थांबते. एकाच परिच्छेदात हे दोन्ही ‘उघडणे’ आले, तर विद्यार्थी हमखास गोंधळतो. म्हणून स्थिती सांगताना ‘उघडा–बंद’ टाळून ‘वहनस्थिती’ आणि ‘रोधस्थिती’ लिहावे.

मॉसफेट आणि आयजीबीटी या दुसऱ्या अर्धवाहक घटकांना गेटवरूनच वाहते करता येते आणि थांबवताही येते. आपला ‘अर्धवाहक खटका’ तिथे मी आनंदाने स्वीकारीन. थायरिस्टरला मात्र ‘थायरिस्टर’च राहू द्यावे.