हातातला कॅमेरा, अजिंठ्यातला अंधार आणि हललेले फोटो

काजवा

मंडळी, अजिंठ्याच्या १ आणि १७ नंबरच्या लेण्यांत काढलेले जवळजवळ सगळे फोटो हललेत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ठीक वाटत होते, लॅपटॉपवर उघडले आणि चिखल. फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी हवी, म्हणजे हातात धरूनच काढणं आलं.

सामान: १.५ क्रॉपची (म्हणजे सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान) २४ मेगापिक्सेल बॉडी, सोबत आलेली १८-५५ एफ/३.५-५.६ लेन्स, लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) चालू. १ नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्राच्या फोटोचे आकडे: ५५ मिमी, एफ/५.६ (हा आकडा लहान तितका लेन्समधून उजेड जास्त), १/१३ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००, अपर्चर प्रायॉरिटी (एफचा आकडा मी ठरवते, शटर कॅमेरा). मुकुटाच्या आडव्या रेषा दुहेरी आल्यात, उभ्या रेषा त्यामानाने बऱ्या.

पुढच्या महिन्यात परत जायचंय. नवी बॉडी जमणार नाही, आठ-दहा हजारांपर्यंत काही सुचवा. की माझे हातच कापरे आहेत?

---

उंबरठा

हात कापरे नाहीत, बोट जड आहे. तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे: आडव्या रेषा दुहेरी, उभ्या बऱ्या. म्हणजे कॅमेरा वर-खाली हलला. नुसत्या थरथरीने तो कुठेही भरकटतो. दर वेळी वर-खालीच हलत असेल, तर शटरचं बटण दाबताना उजवी बाजू खाली ढकलली जातेय.

धूसर फोटो आधी ओळखायला शिका, कारण औषध प्रत्येकाचं वेगळं. १००% मोठा करून बघा. सगळ्या चित्रावर एकाच दिशेची फरपट असेल तर कॅमेरा हलला. माणूस फरपटलाय पण मागचा खांब स्वच्छ आहे, तर माणूस हलला. तिथे हात कितीही स्थिर ठेवा, उपयोग नाही. फरपट कुठेच नाही पण हवी ती जागा मऊ आणि तिच्या पुढची-मागची धारदार, तर फोकस चुकला. चौथा प्रकार फारसा कुणी बघत नाही: मधोमध चित्र स्पष्ट आणि कडांकडे जावं तसं गोल फरपटलेलं. तिथे कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती फिरला. हेही बटण दाबण्याचंच पाप, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हे फिरणं थांबवू शकत नाही. ते फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडचं झुकणं सावरतं. बॉडीत पाच अक्षांचं असेल तरच फिरण्याला उतारा.

आता आकडे. ढोबळ नियम असा की शटर १ भागिले फोकल लेंग्थ इतकं तरी जलद हवं, आणि त्यात क्रॉप धरायचा. ५५ × १.५ म्हणजे साधारण ८२, तेव्हा १/८०. तुम्ही १/१३ वर होता, जवळजवळ अडीच स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं). स्टॅबिलायझेशन तीन स्टॉप सावरतं असं धरलं तर तुम्ही अगदी काठावर होता. काठावर उभ्या माणसाला बोटाचा एक धक्का पुरतो.

धरण्याची पद्धत. डावा तळवा आकाशाकडे करून लेन्स आणि बॉडी जिथे जुळतात तिथे खाली ठेवा. वजन सगळं या तळव्यावर. डावा हात कॅमेऱ्याच्या बाजूला चिमटीत धरलेला असेल तर वजन मनगटावर येतं आणि मनगट दोन मिनिटांत थकतं. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, पण आवळलेली नको. आवळलेला स्नायू जास्त कापतो. व्ह्यूफाइंडर भुवईला घट्ट लावा. दोन हात आणि कपाळ, हे तीन टेकू झाले. पडद्यावर बघत हात लांब करून काढलात तर तिसरा टेकू गेला. पाय खांद्याएवढे फाकवून एक जरा पुढे.

बटण: बोटाचं टोक बटणावर उभं नको, पेर आडवं टेकवा. अर्धं दाबा, थांबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आधी किंचित डुलतं आणि मग तरंगल्यासारखं निवांत होतं, ते स्टॅबिलायझेशन जागं होणं. त्याला अर्धा-एक सेकंद द्या. श्वास अर्धा सोडा, थांबा, आणि त्याच अर्ध्या दाबलेल्या जागेवरून पेर नुसतं गुंडाळल्यासारखं दाबा. फोटो निघाल्यावर बोट झटकन उचलू नका, दाबलेलंच ठेवा. पूर्ण श्वास कोंडून उभं राहू नये. सात-आठ सेकंदांत छातीचे ठोके कॅमेऱ्यात दिसायला लागतात.

यापेक्षाही सोपं: सलग फोटोंचा मोड लावा आणि चार-पाच काढा. बटण दाबण्याचा धक्का पहिल्याला आणि सोडण्याचा शेवटच्याला. मधल्या दोन-तीनांतला एक तरी निघतोच.

आणि ५५ वर जायची गरजच नव्हती. १८ वर लेन्स एफ/३.५ उघडते, म्हणजे अडीचपट उजेड. त्यातून १८ ला १/३० चालतं. आयएसओ ८०० वरच १/३० मिळालं असतं.

---

तिरपा कोन

उंबरठा यांचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा, फक्त शेवटच्या परिच्छेदाला माझा विरोध. पद्मपाणीसमोर कठडा आहे, त्याच्या पुढे जाता येत नाही. तिथूनच १८ वर काढून मग ५५ एवढं चित्र कापून घेतलं तर लांबी-रुंदी प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे २.६ उरतात. आणि कापून मोठं केलं की हललेलंही तेवढंच मोठं होतं. १/३० चा नियम पूर्ण चौकटीसाठी आहे, कापलेल्यासाठी नाही. पदरात पडतो तो फक्त अपर्चरचा अडीचपट उजेड. सभामंडप, छत, खांबांची रांग यांना १८ जरूर वापरा. भिंतीवरच्या आकृतीला नाही.

तिथे उपाय दोन. पहिला फुकटचा: आयएसओ ३२०० करा. ८०० चे ३२०० म्हणजे चौपट, १/१३ चे १/५० होतात. दाणे येतील, येऊ द्या. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलं असेल तर दाणे नंतर बरेच काढता येतात. हललेली रेषा मात्र हललीच. दाण्यांना भिऊन आयएसओ ८०० वर अडून बसणं हा तुमच्या फोटोंचा खरा शत्रू. फक्त फोटो काळपट काढून नंतर उजळू नका, दाणे तिथेच सगळ्यात जास्त वर येतात.

दुसरा उपाय तुमच्या बजेटातला: वापरलेली ५० मिमी एफ/१.८. एफ/५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड. तुमचंच १/१३ आयएसओ ८०० ला १/१२५ होतं. या लेन्सला बहुधा स्टॅबिलायझेशन नसतं, पण ५० × १.५ ला १/८० पुरतं, म्हणजे शिल्लकच आहे. घेताना एक बघा: काही कंपन्यांच्या नवशिक्यांसाठीच्या स्वस्त बॉडींत फोकसची मोटर नसते, तिथे मोटर नसलेली जुनी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. लेन्स बॉडीला लावून, फोकस होतोय बघून मगच पैसे द्या.

एफ/१.८ ची किंमतही मोजावी लागते. दोन मीटरवर ५० मिमीला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ११-१२ सेंटिमीटर. भिंतीला समांतर उभे असाल तर भरपूर झाली. बाजूला सरकून तिरपा काढलात तर चेहरा स्पष्ट आणि हातातलं कमळ मऊ, आणि तुम्ही पुन्हा म्हणाल की फोटो हलला.

जाता जाता: तिथल्या कृत्रिम दिव्यांत फोटोवर आडवे गडद पट्टे दिसले तर तो हात नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/५० किंवा १/१०० ठेवा, आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

---

सूतभर

दोरीचा उपाय कुणी सांगितला नाही अजून, म्हणून सांगतो. खर्च एका वडापावाचा.

हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची, म्हणजे दोन सुती बोल्ट मागा, इंचाला २० आट्यांचा. कॅमेऱ्याच्या बुडाचं ट्रायपॉडचं भोक याच मापाचं असतं. दुकानदार ६ मिलिमीटरचा एम६ हातात देईल आणि "तेच आहे" म्हणेल. ते तेच नाही. एम६ बारीक, आणि त्याचे आटे १ मिमीवर; आपल्याला १.२७ मिमीवर हवेत. तो दोन-तीन आटे ढिला जातो, मग अडतो, आणि तिथे जोर लावला की भोकाचे आटे गेले. खरा बोल्ट बोटांनीच सरळ फिरतो. पाना लागतोय असं वाटलं की थांबा.

लांबी महत्त्वाची. भोक उथळ असतं, बोल्ट ४-५ मिलिमीटरच आत जायला हवा. बोल्टवर आधी नट, मग मोठा वॉशर, मग रबराचा वॉशर घाला आणि नट असा बसवा की वर ४-५ मिमीच आटे उरतील. जास्त आत गेला तर बुडाला आतून ठोकेल.

बोल्टच्या डोक्याजवळ सुती नाडा बांधा. नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि सगळा खेळ ताण स्थिर राहण्याचा आहे. नाडा जमिनीपर्यंत सोडून वर एक-दीड हात शिल्लक ठेवा. एक टोक बुटाखाली दाबायचं, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि वर ओढायचा, इतकाच की नाडा तंग राहील. वर-खालीचं हलणं यात बरंच मरतं, आणि काजवा, तुमचं दुखणं नेमकं तेच. डावी-उजवीकडे कमी फरक पडतो. नाड्याचा मोठा फास करून दोन्ही पायांखाली त्रिकोण केला तर तेही आटोक्यात येतं.

अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, तेव्हा नाडा मोज्याखाली धरावा लागेल; टोकाला गाठ मारा म्हणजे सटकणार नाही. हा ट्रायपॉड नाही, तरी आत पहारेकऱ्याला आधी दाखवा. नाही म्हणाले तर गुंडाळून खिशात टाका, वाद नको.

नाडाही नको असेल तर कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा आखूड करा आणि कॅमेरा पुढे ढकलून पट्टा मानेवर तंग करा. पडद्यावर बघून काढताना हा उपाय बरा पडतो.

---

काजवा

सगळ्यांचे आभार. बोटाचं पटतंय, मी बटण टचकन दाबते हे आज लक्षात आलं. दोन शंका. एक, उभा फोटो काढताना उजवं कोपर हवेत राहतं, त्याचं काय? दोन, खांबाला टेकून उभं राहिलं तर चालेल का? आणि परत जायच्या आधी घरी सराव कसा करू?

---

उंबरठा

खांबाला आणि भिंतीला अजिबात टेकू नका. तिथल्या बऱ्याच खांबांवरही रंग आहे, आणि दीड हजार वर्षं टिकलेला रंग आपल्या घामाच्या शर्टाला पुसला जायला नको. कठड्यावर कॅमेरा ठेवणंही फसवं: शेजारच्याने त्यावर हात टाकला की तुमचा फोटो गेला. त्यापेक्षा गर्दी नसेल तर खाली बसा, गुडघे उभे करून कोपरं त्यांवर टेकवा. कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर नको, हाडावर हाड घसरतं. कोपराच्या जरा वरचा मांसल भाग गुडघ्यावर यायला हवा. छताच्या चित्रांना तर हे फारच सोयीचं, उभ्याने मान मागे टाकली की तोलच जातो. २६ नंबरच्या लेण्यातला निजलेला बुद्ध जवळपास सात मीटर लांब आहे, तिथे बसून १८ वर काढून बघा.

उभ्या फोटोला शटरची बाजू खाली घ्या, वर नको. दोन्ही कोपरं पोटाशी येतात. बोटाऐवजी अंगठ्याने दाबावं लागतं आणि पहिले काही दिवस विचित्र वाटतं.

---

तिरपा कोन

उभ्या फोटोबाबत मी उलटा. अंगठ्याने दाबताना निम्मे लोक कॅमेरा पिळतात. शटर वरच ठेवा, उजवा हात नुसता बटणापुरता, आणि सगळं वजन डाव्या तळव्यावर, डावं कोपर पोटात. दोन्ही करून बघा आणि मोजा. मोजायचं असं:

खोलीत अंधार करा. स्विचबोर्डवरचा बारीक लाल दिवा चालू ठेवा, तीन-चार मीटरवरून ५५ मिमीला फोकस करून फोकस हाती लावा. मॅन्युअल मोड, १/४ सेकंद, आयएसओ असा की बोर्ड काळा आणि दिवा तेवढा दिसेल. दहा फोटो काढा. दिवा ठिपका यायला हवा. येईल ती रेघ, आणि ती रेघ म्हणजे तुमच्या हाताची सही. उभी रेघ आली तर बोट. आडवी आली तर अंग डुलतंय, पाय फाकवा. वेडीवाकडी गाठ आली तर हाताची थरथर, वजन तळव्यावर घ्या. दोन सेकंदांचा टायमर लावून आणखी दहा काढा. रेघ एकदम आखूड झाली तर दोष नक्की बोटाचाच. मग लेण्यातही सरळ टायमर लावा, भिंतीवरचा बोधिसत्त्व कुठे पळणार नाही.

मग उजेडात भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा. स्टॅबिलायझेशन चालू ठेवून १/६०, १/३०, १/१५, १/८ ला दहा-दहा फोटो, बारीक जाहिराती वाचता येतात का बघा. ज्या आकड्याला दहांतले आठ वाचता येतात, तो तुमचा आकडा. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओ लावून किमान शटर म्हणून तोच आकडा टाका, म्हणजे अंधारात कॅमेरा आयएसओ वाढवेल, शटर पडू देणार नाही.

---

बटाटेवडा

मोबाइलवाल्यांसाठी दोन ओळी. आधी लेन्स सुती कापडाने पुसा, निम्मे "हललेले" फोटो बोटाच्या तेलाचे असतात. दोन्ही हातांत आडवा धरा, पडद्याला टिचकी मारण्याऐवजी आवाजाचं बटण दाबा. नाइट मोड एकामागून एक फोटो काढून ते जुळवतो, तेव्हा पडद्यावरचं वर्तुळ पूर्ण होईपर्यंत फोन खाली घेऊ नका. आणि फ्लॅश "ऑटो" वर असतो, तो आत जायच्या आधी बंद करा.

---

काजवा

लाल दिव्याचं आत्ताच केलं. दहांतल्या आठ रेघा उभ्या, टायमर लावून नऊ ठिपके. बोल्टला उद्या दुकानात जाते.

---

सूतभर

कॅमेरा सोबत न्या आणि बोल्ट दुकानातच फिरवून बघा. आणि रबराचा वॉशर नळाच्या सामानात मिळतो, हार्डवेअरवाला नाही म्हणेल.